घरगुती मसाल्याचे ऑनलाइन दुकान : कामांचा क्रम, कागदपत्रे, पार्सल आणि हिशेब

काळा मसाला, गोडा मसाला, शेंगदाणा चटणी, पापड, मेतकूट असा माल घरी किंवा बचत गटात तयार करून ऑनलाइन विकू पाहणाऱ्या उद्योगांची सुरुवात बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून होते. आधी संकेतस्थळ तयार करून घेतले जाते, त्यावर पैसे खर्च होतात, नातेवाईक आणि ओळखीचे लोक पहिल्या ऑर्डरी देतात, आणि मग लक्षात येते की पाकिटावरचे लेबल अपुरे आहे, नाशिकहून नागपूरला जाईपर्यंत पाऊच फुटतो आहे आणि कुरिअरचे पैसे नफ्यातून जात आहेत. हे दुकान संकेतस्थळामुळे क्वचितच अडते. ते पार्सलमध्ये आणि वहीत अडते. म्हणून या लेखात संकेतस्थळ पाचव्या टप्प्यावर येते, आणि आधीचे चार टप्पे पूर्ण झाल्याशिवाय त्याला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उदाहरणे मसाल्याची घेतली असली, तरी कापड, साबण किंवा लाकडी खेळणी विकणाऱ्यांनाही खाद्यपदार्थांचे नियम वगळता हाच क्रम लागू पडेल.

टप्पा 1 : कागदपत्रे आणि नोंदण्या

खाद्यपदार्थ विकायचा असेल, तर पहिली पायरी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी किंवा परवाना. उत्पादन घरच्या स्वयंपाकघरात होत असले तरी यातून सुटका नाही. अर्ज फॉसकॉस या पोर्टलवर करायचा असतो, आणि नोंदणी पुरेशी आहे की परवाना लागेल हे उलाढालीवर व व्यवसायाच्या प्रकारावर ठरते. अर्जात हा प्रकार निवडताना घाई केली जाते. तुम्ही फक्त दुसऱ्याचा माल पाकीटबंद करता, की स्वतः भाजून कांडपून मसाला बनवता, की ऑनलाइनही विकता, हे सगळे नेमके नोंदवावे; पुढे तपासणी झाली किंवा एखाद्या बाजारपेठेने कागद मागितले, तर प्रत्यक्ष काम आणि प्रमाणपत्र यांत फरक दिसता कामा नये. मिळालेला 14 अंकी क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापावा लागतो.

दुसरी पायरी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे नोंद. ती आधार आणि पॅनच्या आधारे सरकारी पोर्टलवर विनामूल्य होते. इंटरनेटवर शोध घेतल्यास शुल्क मागणारी, सरकारी वाटावीत अशी अनेक खासगी पाने समोर येतात. तिथे पैसे भरण्याचे काहीच कारण नाही. ज्यांचे दुकान किंवा कार्यशाळा आहे आणि कामगार वीसपेक्षा कमी आहेत, त्यांना महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीऐवजी केवळ ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिची पावती, जिला अजूनही सगळे गुमास्ताच म्हणतात, चालू खाते उघडताना बँकेत उपयोगी पडते.

तिसरी पायरी वस्तू व सेवा कराची, म्हणजे जीएसटीची, आणि सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्याला 40 लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे ऐकून अनेक जण निर्धास्त राहतात. मात्र ही सवलत राज्यातल्या राज्यात विक्री करणाऱ्यासाठी आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यातल्या ग्राहकाला विकला, तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी सक्तीची होते. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात वेगळी सवलत आहे, मसाल्याला नाही. म्हणजे बेळगाव, इंदूर किंवा बडोद्याच्या मराठी घरातून मसाल्याची पहिली ऑर्डर आली आणि तुम्ही ती पाठवली, की नोंदणीची गरज त्याच क्षणी उभी राहते. पापडासारखा केवळ करमुक्त माल विकणाऱ्यावर ही सक्ती नाही. पण त्याच दुकानात पापडाबरोबर मसाला ठेवला, की चित्र बदलते.

मोठ्या बाजारपेठांवर, म्हणजे अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या ठिकाणी, विक्री करणाऱ्या छोट्या उद्योगांना 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यांतर्गत विक्रीपुरती नोंदणीतून सूट मिळाली आहे. तरीही जीएसटी पोर्टलवरून त्यासाठीचा नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या, लहान व्यापाऱ्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. देशभर विकण्याचा विचार असेल, तर पहिल्या दिवसापासून नियमित नोंदणी घेणे आणि महिन्याला थोडे पैसे देऊन विवरणपत्रे कर सल्लागाराकडून भरून घेणे हाच सरळ मार्ग आहे.

*सावधान :* सगळ्या नोंदण्यांवरचे नाव, पत्ता आणि पॅन एकच असावे. एकीकडे स्वतःचे नाव, दुसरीकडे दुकानाचे नाव आणि बँकेत पतीचे किंवा मुलाचे खाते, अशी सरमिसळ असेल, तर पैसे स्वीकारण्याची सुविधा देणारी कंपनी अर्ज परत पाठवते आणि काम रखडते.

*ब्रँडचे नाव :* पाकिटे छापायला टाकण्यापूर्वी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर ते नाव वर्ग 30 मध्ये, म्हणजे मसाल्याच्या वर्गात, कोणी आधीच घेतले आहे का, हे पाहावे. व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे. नोंदणी लगेच केली नाही तरी चालेल, शोध मात्र आधी घ्यावा.

टप्पा 2 : माल, वजन आणि लेबल

सुरुवातीला पाच-सहा पदार्थ पुरेसे आहेत. तीस पदार्थांची यादी दिसायला भरगच्च दिसते, पण त्यातले निम्मे कायम संपलेले असतील, तर ग्राहक दुसऱ्यांदा येत नाही. निवडताना दोन कसोट्या लावाव्यात. पदार्थ किमान तीन-चार महिने टिकतो का, आणि प्रवासात तो फुटत, गळत किंवा चुरा होत नाही ना. तेलातली लोणची, ओलसर चटण्या आणि चकल्या दोन महिने थांबवून मसाले आणि कोरड्या चटण्यांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते.

टिकण्याचा कालावधी अंदाजाने लिहू नये. एका घाण्यातली काही पाकिटे बाजूला ठेवून दर पंधरा दिवसांनी एक उघडावे. वास, रंग, गुठळ्या आणि खवटपणा पाहून तारखेसह नोंदवावे. खोबरे, तीळ किंवा शेंगदाणे असलेला मसाला लाल तिखटापेक्षा कितीतरी आधी खवट होतो, म्हणून सगळ्या पाकिटांवर सरसकट एक वर्षाची मुदत छापणे चूक आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची तपासणी परवडत असेल, तर ती जरूर करून घ्यावी.

पाकीटबंद मालावर दोन वेगवेगळ्या नियमांची माहिती लागते, आणि लोक बहुधा एकाचीच पूर्तता करतात. वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याखालच्या, 2011 च्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांनुसार उत्पादकाचे किंवा पॅकिंग करणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता, वस्तूचे सर्वसाधारण नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, एकक किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क द्यावा लागतो. 200 ग्रॅमच्या 160 रुपयांच्या पाकिटावर एकक किंमत प्रति ग्रॅम 80 पैसे येईल. अन्न सुरक्षेच्या नियमांनुसार घटकपदार्थ प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने, पोषणमूल्ये, बॅच क्रमांक, वापरण्याची अंतिम तारीख, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, अॅलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांचा उल्लेख आणि एफएसएसएआय क्रमांक लागतो. चटणीत शेंगदाणे असतील, तर तो उल्लेख ठळक असावा. कोणाच्या तरी जिवाशी त्याचा संबंध आहे.

वजनाबाबत एक गोष्ट सर्रास चुकते. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घरच्या वापरासाठी ठीक आहे, पण विक्रीचा माल तोलायचा काटा वैधमापन कार्यालयाकडून पडताळून, मुद्रांकित करून घ्यावा लागतो आणि ठरलेल्या मुदतीने ही पडताळणी पुन्हा करून घ्यावी लागते. शिवाय लेबलवरचे वजन निव्वळ मालाचे असते. रिकामा पाऊच आधी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि मगच मसाला भरावा.

*सावधान :* ‘मधुमेह कमी होतो’, ‘वजन घटते’, ‘रोगप्रतिकारशक्ती वाढते’ असे दावे पाकिटावर किंवा दुकानात लिहू नयेत. ते सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

टप्पा 3 : एका पार्सलचा हिशेब

किंमत ठरवताना एका किलो मसाल्याचा खर्च काढला जातो, एका पार्सलचा नाही. ग्राहकाच्या दारात पोचलेले पार्सल हे हिशेबाचे एकक धरावे. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. त्यांच्या जागी स्वतःचे घालावेत.

समजा, 200 ग्रॅमच्या मसाल्याची किंमत 160 रुपये आहे आणि ग्राहकाने तीन पाकिटे घेतली. बिल झाले 480. त्यात 5 टक्के कर समाविष्ट आहे, म्हणजे तुमच्या हाती कर वजा जाता सुमारे 457 रुपये आले. कच्चा माल पाकिटामागे 75 प्रमाणे 225, भाजणी आणि कांडप 15 प्रमाणे 45, पाऊच व लेबल 8 प्रमाणे 24, बाहेरचा खोका आणि चिकटपट्टी 18, कुरिअर 75, आणि ऑनलाइन पैसे स्वीकारण्याचे 2 टक्के शुल्क व त्यावरचा 18 टक्के कर मिळून सुमारे 11. एकूण खर्च 398. उरले 59 रुपये, आणि यातूनच तुमचा वेळ, वीज, जाहिरात व फुकट गेलेला माल भागवायचा आहे.

आता हीच ऑर्डर एका पाकिटाची धरा. कर वजा जाता 152 रुपये आले. मालाचे 75, भाजणी-कांडप 15, पाऊच 8, खोका 15, कुरिअर 60 आणि पैशांचे शुल्क जवळपास 4, मिळून 177. म्हणजे ‘घरपोच मोफत’ असे लिहून पाठवलेल्या प्रत्येक सुट्या पाकिटामागे 25 रुपये खिशातून गेले. यावर किंमत वाढवणे हा एकमेव उपाय नाही. किमान ऑर्डरची रक्कम ठरवणे, तीन किंवा चार पाकिटांचा संच मुख्य वस्तू म्हणून ठेवणे, आणि त्याखालच्या ऑर्डरवर पोचवण्याचा खर्च वेगळा आणि स्पष्ट दाखवणे, हे तिन्ही मिळून काम करतात.

कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन, यांतले जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा आणि त्याला बहुतेक ठिकाणी 5000 ने भागतात. 30, 20 आणि 15 सेंटिमीटरचा खोका 1.8 किलोचा धरला जातो, आत अर्धा किलो पापड असले तरी. त्यात दर अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाढत असल्याने हा खोका थेट दोन किलोच्या दरात जातो. पापड विकणाऱ्यांचे नुकसान इथेच होते. पापडाच्या व्यासाला बेतलेला, बसक्या उंचीचा खोका बनवून घेतला, तर तोच माल अर्ध्या दरात जाऊ शकतो.

*तपासणी :* एक पाकीट, तीन पाकिटे आणि सर्वांत मोठा संच, अशा तीन ऑर्डरींचा हिशेब राज्यातल्या आणि राज्याबाहेरच्या एकेका पिनकोडसाठी कागदावर मांडावा. एकाही ठिकाणी तोटा दिसत असेल, तर किंमत किंवा किमान ऑर्डर आत्ताच बदलावी.

टप्पा 4 : पॅकिंगची परीक्षा

मसाल्याच्या पाकिटाचे तीन शत्रू आहेत : ओल, उष्णता आणि दाब. साध्या पारदर्शक पिशवीतून तेलकट मसाल्याचे तेल बाहेर झिरपते आणि वासही उडतो; अनेक थरांचा, उभा राहणारा पाऊच घ्यावा आणि सीलिंगची पट्टी रुंद ठेवावी. सीलवर मसाल्याची बारीक भुकटी राहिली, तर वरून घट्ट दिसणारा जोड आतून उघडा राहतो. भरताना कागदी नरसाळे वापरावे, सील करण्यापूर्वी पाऊचचे तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसावे आणि सील झाल्यावर पाऊच दोन्ही तळव्यांत धरून दाबावा. हवा सुटल्याचा जराही आवाज आला, तर तो पाऊच पुन्हा सील करावा.

बाहेरचा खोका दोन किलोपर्यंतच्या पाकिटांना तीन पदरी नालीदार पुठ्ठ्याचा पुरतो. काचेच्या बरण्या असतील, तर पाच पदरी घ्यावा. आतली पाकिटे हलता कामा नयेत. जुनी वर्तमानपत्रे पाकिटांना लागून भरू नयेत, कारण शाईचा खाद्यपदार्थांशी संबंध टाळायला हवा. साधा तपकिरी कागद चुरगळून वापरावा.

तयार पार्सल कमरेइतक्या उंचीवरून चारही कोपऱ्यांवर आणि एकदा सपाट टाकून पाहावे. त्यावर रात्रभर दहा किलोची पिठाची गोणी ठेवावी. एक पार्सल दुपारभर उन्हात, बंद गाडीत ठेवावे. हे सगळे झाल्यावर उघडून, फोटो काढून, जिथे फाटले किंवा गळाले तिथे दुरुस्ती करावी. त्यानंतर दोन पार्सले खऱ्याखुऱ्या कुरिअरने लांबच्या दोन ओळखीच्या घरी पाठवावीत आणि त्यांना उघडतानाचा व्हिडिओ काढायला सांगावे. पावसाळ्यात हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण मे महिन्यात उत्तीर्ण झालेला खोका जुलैत भिजून बसतो.

टप्पा 5 : दुकान कुठे थाटावे

पर्याय तीन आहेत. व्हॉट्सअॅप बिझनेसवर वस्तूंची यादी मांडणे, मोठ्या बाजारपेठेवर विक्रेता होणे आणि स्वतःचे संकेतस्थळ.

महिन्याला चाळीस-पन्नास ऑर्डरी येईपर्यंत व्हॉट्सअॅप बिझनेस पुरेसे आहे, आणि ते विनामूल्य आहे. त्यानंतर पत्ते लिहून घेणे, पैसे आले का पाहणे आणि कोणाला काय पाठवले हे लक्षात ठेवणे यात चुका होऊ लागतात. तेव्हा संकेतस्थळाची वेळ झाली असे समजावे. बाजारपेठेवर अनोळखी ग्राहक मिळतात, पण कमिशन, साठवणूक आणि परत आलेल्या मालाचे शुल्क लागते आणि ग्राहकाचा संपर्क तुमच्याकडे येत नाही. शिवाय तुमच्या विक्रीतून 0.5 टक्के जीएसटी आणि 0.1 टक्के आयकर कापून भरला जातो. हे पैसे बुडत नाहीत, विवरणपत्रात वळते करून घेता येतात, पण हिशेबात धरावेच लागतात.

स्वतःच्या संकेतस्थळासाठी शॉपिफायसारखी मासिक भाड्याची सेवा किंवा वर्डप्रेसवरचे वूकॉमर्स, असे दोन मार्ग रूढ आहेत. पहिल्यात महिन्याचे पैसे जातात, पण सुरक्षा आणि देखभाल ती कंपनी पाहते. दुसऱ्यात सुरुवातीला स्वस्त पडते, पण अद्ययावत ठेवणे, बॅकअप घेणे आणि बिघाड काढणे तुमच्याकडे येते. घरात संगणक जाणणारे कोणी नसेल, तर पहिला मार्ग घ्यावा.

*सावधान :* संकेतस्थळाचे नाव, होस्टिंग आणि सर्व पासवर्ड तुमच्या स्वतःच्या ईमेलवर आणि तुमच्या नावाने असले पाहिजेत. संकेतस्थळ बनवून देणारी व्यक्ती हे सारे स्वतःच्या खात्यावर घेते, दोन वर्षांनी फोन उचलत नाही आणि नूतनीकरण न झाल्याने दुकान एका रात्रीत दिसेनासे होते. पैसे देण्यापूर्वी ही अट लेखी घ्यावी.

टप्पा 6 : दुकानाची मांडणी

प्रत्येक वस्तूच्या पानावर पाकिटाचा समोरून फोटो, मागच्या लेबलचा वाचता येईल असा फोटो आणि मसाल्याचा जवळून रंग दाखवणारा फोटो, एवढे तीन हवेतच. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीजवळ, पांढऱ्या कागदावर, मोबाइलवर काढलेला फोटो पुरतो. रंग खुलवणारे फिल्टर वापरू नयेत. ग्राहकाच्या हाती पोचलेले तिखट फोटोपेक्षा फिके निघाले, तर तक्रार ठरलेलीच.

वर्णनात मसाला कशासाठी वापरायचा, चार माणसांच्या आमटीला किती लागतो आणि तिखटपणा किती, हे लिहावे. गोड्या मसाल्यात आणि काळ्या मसाल्यात फरक काय, हे पुण्याबाहेरच्या ग्राहकाला माहीत असेलच असे नाही. नाव मराठीत देताना रोमन लिपीतले प्रचलित स्पेलिंगही द्यावे, कारण शोध घेणारे पुष्कळ लोक तसेच टाइप करतात. लेबलवरची वैधानिक माहिती, म्हणजे उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन आणि कमाल किंमत, वस्तूच्या पानावरही द्यावी लागते; उत्पादनाचा महिना आणि वर्ष यांना मात्र तिथे सूट आहे.

पाच पाने दुकान उघडण्याआधीच तयार असावीत : संपर्क, पोचवण्याचे नियम, परतावा व रद्द करण्याचे नियम, गोपनीयता आणि वापराच्या अटी. ही पाने नसतील, तर पैसे स्वीकारण्याची सुविधा मंजूर होत नाही. ती दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून उचलू नयेत. त्या मजकुरात दुसऱ्याचेच नाव आणि ‘सात दिवसांत माल परत’ असे न पेलणारे आश्वासन राहून जाते. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव, पद आणि संपर्क दाखवावा लागतो, 48 तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि महिन्याच्या आत तिचे निवारण करावे लागते. घरगुती उद्योगात ही व्यक्ती तुम्ही स्वतः असू शकता.

पत्त्याच्या रकान्यांकडे मुद्दाम लक्ष द्यावे. तयार नमुन्यांत फक्त रस्ता आणि शहर असते. आपल्याकडे मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि जवळची खूण याशिवाय पार्सल पोचत नाही, म्हणून खुणेचा रकाना सक्तीचा ठेवावा आणि पिनकोड सहा अंकांचा असल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये.

टप्पा 7 : पैसे स्वीकारणे

रेझरपे, कॅशफ्री, पेयू अशा कंपन्यांपैकी एक निवडावी. पैसे सहसा दोन-तीन कामकाजाच्या दिवसांनी, शुल्क वजा होऊन, बँकेत येतात. त्यामुळे पहिल्या महिन्यात कच्च्या मालासाठी हाती वेगळी रक्कम हवी. ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक स्वतःकडे कधीही लिहून घेऊ नये.

माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय, म्हणजे सीओडी, ग्राहकांना आवडते आणि उद्योगाला तीच सर्वांत महाग पडते. न स्वीकारता परत आलेल्या एका पार्सलचे जायचे 75, यायचे 75 आणि खोक्याचे 18 धरले, तर 168 रुपये गेले, म्हणजे वरच्या हिशेबातल्या जवळजवळ तीन ऑर्डरींचा नफा. सुरुवातीला ही सोय बंद ठेवावी. द्यायचीच असेल, तर ठरावीक रकमेपर्यंत द्यावी, पोचवण्याचा खर्च आगाऊ घ्यावा आणि प्रत्येक ऑर्डर फोनवर पक्की केल्याशिवाय पार्सल बांधू नये.

*सावधान :* पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही; स्वतःच्या बँक खात्यात रक्कम दिसल्यावरच माल निघावा. मोठी ऑर्डर देऊन, अनेकदा सैन्यातला अधिकारी असल्याचे सांगून, ‘आगाऊ रक्कम मिळण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणणारे फोन येतात. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. फसवणूक झालीच, तर ताबडतोब 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

टप्पा 8 : उघडण्यापूर्वीची चाचणी आणि रोजचे काम

दुकान जाहीर करण्यापूर्वी स्वतः खरे पैसे भरून तीन ऑर्डरी द्याव्यात : एक मोबाइलवरून यूपीआयने, एक कार्डाने आणि एक राज्याबाहेरच्या पत्त्यावर. बिलात महाराष्ट्रातल्या ग्राहकाला केंद्राचा आणि राज्याचा प्रत्येकी अडीच टक्के, तर बाहेरच्याला 5 टक्के एकात्मिक कर येतो का, हे पाहावे. मग एक ऑर्डर रद्द करून पैसे परत करून बघावेत; पहिला परतावा खऱ्या, चिडलेल्या ग्राहकावर शिकायची वेळ येऊ नये.

रोजच्या कामाला वेळ बांधावी. दुपारी बारापर्यंतच्या ऑर्डरी त्याच दिवशी, त्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी, हे दुकानावर लिहून तसेच वागावे. आधी बनलेला माल आधी बाहेर काढावा. ऑनलाइन खाद्यविक्रीसाठी एफएसएसएआयने नोव्हेंबर 2024 मध्ये दिलेल्या सूचनेनुसार ग्राहकाच्या हाती पडताना मालाची किमान 30 टक्के किंवा 45 दिवस मुदत शिल्लक असावी. लहान दुकानानेही हा दंडक पाळावा. पार्सल बंद करताना काट्यावर ठेवलेल्या अवस्थेत, पत्त्याची चिठ्ठी दिसेल असा एक फोटो काढावा. कुरिअरने जादा वजन लावले किंवा ग्राहक पाकीट कमी आले म्हणाला, तर तोच फोटो कामी येतो.

फुटलेल्या किंवा चुकीच्या मालाची तक्रार आली, की वाद न घालता फोटो मागवून नवे पाकीट पाठवावे किंवा पैसे परत करावेत, आणि बॅच क्रमांक नोंदवावा. एकाच बॅचच्या दोन तक्रारी आल्या, तर त्या बॅचची उरलेली सगळी पाकिटे विक्रीतून थांबवून तपासावीत. परत आलेला खाद्यपदार्थ, पाकीट शाबूत दिसत असले तरी, पुन्हा विकू नये.

टप्पा 9 : महिनाअखेरचा ताळमेळ

चार आकडे समोरासमोर मांडावेत : दुकानातल्या ऑर्डरींची बेरीज, पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीने जमा केलेली रक्कम, कुरिअरचे बिल आणि बँकेची नोंद. कुरिअरच्या बिलात लावलेले वजन आणि तुमच्या फोटोतले वजन यांची ओळ न् ओळ तुलना करावी. जादा लावलेल्या वजनावर हरकत घेण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते, त्यामुळे हे काम खरे तर दर आठवड्याला केलेले बरे. सीओडीचे पैसे कुरिअरकडून उशिरा येतात. कोणत्या पार्सलचे आले आणि कोणत्याचे बाकी आहेत, याची वेगळी यादी ठेवावी. घरखर्च आणि दुकानाचा खर्च एकाच खात्यातून झाला, तर यातले काहीच जमत नाही, म्हणून चालू खाते पहिल्याच टप्प्यात उघडायला हवे.

दिवाळी आणि परदेशच्या ऑर्डरी

दिवाळीत कुरिअरची गोदामे तुंबतात आणि एरवी तीन दिवसांत जाणारे पार्सल आठवडाभर रेंगाळते. राज्यातल्या ऑर्डरी वसुबारसेच्या किमान आठ दिवस आधी आणि बाहेरच्या पंधरा दिवस आधी बंद कराव्यात. ही तारीख नवरात्रातच दुकानाच्या पहिल्या पानावर लावावी आणि त्यानंतर जवळच्या ग्राहकासाठीही मोडू नये. पाऊच, खोके आणि लेबले गणपतीतच मागवून ठेवावीत, कारण छपाईवालेही त्याच हंगामात अडकलेले असतात.

परदेशातल्या मराठी घरांकडून विचारणा लवकरच सुरू होते, पण ते काम देशातला व्यवहार दोन-तीन महिने सुरळीत चालल्यावरच हाती घ्यावे. व्यापारी निर्यातीसाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड लागतो आणि एकात्मिक कर न भरता माल पाठवायचा असेल, तर जीएसटी पोर्टलवर हमीपत्र द्यावे लागते. अमेरिकेत खाद्यपदार्थ पोचण्यापूर्वी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी लागते आणि लेबलचे त्यांचे नियम वेगळे आहेत. तोवर अशा ग्राहकाला त्याच्या पुण्या-मुंबईतल्या घरचा पत्ता मागून माल तिथे पाठवावा.